घरबसल्या

एकतीस वर्षं मी डोंबिवलीहून फोर्टातल्या कचेरीत उभ्यानं गेलो आणि उभ्यानंच परत आलो. कधी चौथी सीट मिळाली तर तो सण. चौथ्या सीटवर ‘बसलो’ म्हणायचं ते आपलं मनाच्या मोठेपणानं. माणसाचा एक तृतीयांश भाग बाकावर असतो आणि उरलेला देवाच्या हवाली. त्यामुळे निवृत्तीनंतर पंधराव्या दिवशी फोनवर जो संदेश आला, त्यातला ‘महिना 30,000’ हा आकडा मला नंतर दिसला. आधी दिसला तो शब्द. घरबसल्या.

काय शब्द आहे! त्यात घर आहे आणि बसणं आहे. पुरणपोळी सोडली तर मराठी भाषेनं एका शब्दात दोन सुखं अशी कोंबलेली मला आठवत नाहीत. लोक म्हणतात, फसणारा माणूस लोभी असतो. असेल. मी मात्र बसण्याच्या ओढीनं फसलो. पोलिसांच्या फॉर्मात यासाठी वेगळा रकाना नाही, हा भाग निराळा.

तसा या क्षेत्रातला माझा अनुभव जुना. कॉलेजात असताना एका मासिकाच्या शेवटच्या पानावर नऊ घरांचं कोडं आलं होतं. आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज केली तरी 15 आली पाहिजे. मी रात्रभर जागून मधल्या घरात 5 घातले आणि बाकीचे आपोआप बसले. आठ दिवसांनी कार्ड आलं : ‘अभिनंदन! आपला प्रथम क्रमांक आला आहे. बक्षीस ट्रान्झिस्टर. व्ही.पी. सोडवून घ्यावी.’ व्ही.पी. सोडवली. आत ट्रान्झिस्टरचं खोकं होतं, बटणं होती, एरियल होती. आतलं यंत्र तेवढं नव्हतं. आवाज यायचा, पण हलवल्यावर. वडील म्हणाले, “पहिला आलास? मग दुसरा कोण आला?” पुढे कळलं की आमच्या चाळीत त्या महिन्यात चौघेजण पहिले आले होते.

नंतर नोकरीच्या सुरुवातीला गाडीत वाचलेल्या संध्याकाळच्या पेपरातली छोटी जाहिरात : ‘घरबसल्या पाकिटे भरून कमवा. माहितीसाठी 100 रुपये मनीऑर्डरने पाठवा.’ पाठवले. महिन्याभरानं एक चक्रमुद्रित कागद आला. त्यावर एवढंच होतं : ‘तुम्हीही अशीच जाहिरात द्या.’ या माणसाबद्दल मला आजही आदर आहे. त्यानं शंभर रुपयांत सगळा धंदा शिकवला आणि एक अक्षरही खोटं लिहिलं नाही.

तर सांगत होतो त्या ‘घरबसल्या’ संदेशाचं. काम होतं पेन्सिलींचं.

संदेशाबरोबर फोटो होता. एका सोफ्यावर पेन्सिलींचा ढीग आणि शेजारी हसणारी बाई. लहानपणापासून कंपासपेटीत ज्या कंपनीची पेन्सिल असायची तिचं नाव वर छापलेलं. त्या कंपनीला बिचारीला याचा पत्ताही नसणार. काम काय, तर दहा पेन्सिली मोजायच्या, खोक्यात घालायच्या, झाकण लावायचं. आता पेन्सिल तासणारं, रंगवणारं, तिच्यावर सोनेरी अक्षरं उमटवणारं यंत्र कारखान्यात असतं. पण दहापर्यंत मोजायला मात्र कंपनीला डोंबिवलीचा पेन्शनर लागतो, हे मला अजिबात खटकलं नाही. उलट बरं वाटलं. शेवटी माणसाला पर्याय नाही, असं मी हिला म्हणालोसुद्धा. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

संदेशात ज्या मॅडमचा नंबर होता त्यांना फोन लावला. त्या काळात कुठलाही फोन लावला की आधी एक कॉलर ट्यून वाजायची. अनोळखी लोकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, सायबर भामट्यांपासून सावध राहा, असं तीत कळकळीनं सांगितलेलं असायचं. माझा जीव खालीवर. “अहो, आवरा,” मी वाजणाऱ्या फोनला म्हणायचो, “मला अनोळखी बाईंशी महत्त्वाचं बोलायचंय!”

“मॅडम, अनुभव लागतो का?”

“सर, कंपनीला तुमच्यासारख्या अनुभवी लोकांचीच गरज आहे.”

निवृत्त झाल्यापासून मला कोणी ‘सर’ म्हटलं नव्हतं. घरात मी ‘अहो’ होतो आणि सोसायटीत ‘बी-204’. या दोन अक्षरांसाठी मी 620 रुपये नोंदणी शुल्क भरलं, असं म्हणायला हरकत नाही. बदल्यात नऊ मिनिटांत ओळखपत्र आलं : माझा फोटो, खाली ‘सीनियर पॅकिंग एक्झिक्युटिव्ह’. सरकारदरबारी मला ‘वरिष्ठ’ हा शब्द मिळायला अठरा वर्षं लागली होती. त्यातही मध्ये एकदा फाइल हरवली. मी स्टेशनजवळ जाऊन ओळखपत्राची रंगीत प्रत काढली आणि लॅमिनेट करून आणली. हे 40 रुपये पुढच्या हिशेबात धरलेले नाहीत.

आता टेम्पो येणार होता. पहिल्या खेपेला चाळीस हजार पेन्सिली. त्या ठेवायच्या कुठे? मी दिवाण गॅलरीत ढकलला, टीपॉय बेडरूममध्ये नेला आणि शोकेसचं तोंड भिंतीकडे केलं. ही बाजारातून आली.

“हे काय चाललंय?”

“रंग काढावा म्हणतोय हॉलला,” मी सुचेल ते बोललो.

हिच्या चेहऱ्यावर लग्नानंतर प्रथमच इतकं समाधान दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रंगारी हजर. त्यानं भिंतीवर टकटक केलं, ओल दाखवली, ‘गिलावाच खरवडावा लागेल’ म्हणाला आणि 38,000 चा अंदाज देऊन चहा पिऊन गेला. पेन्सिलीचा पगार महिना 30,000 होता. म्हणजे पहिल्या पगारातही मी 8,000 नं खाली होतो, आणि पेन्सिल अजून एकही आलेली नव्हती.

टेम्पो आत घ्यायला सोसायटीची परवानगी हवी म्हणून सेक्रेटरींकडे गेलो.

“काय येणार आहे?”

“पेन्सिली.”

“किती?”

“टेम्पोभर.”

त्यांनी चष्मा लावला. “हा व्यावसायिक वापर झाला. अर्ज द्या, भागपत्राची प्रत जोडा, वरच्या-खालच्या सभासदांचं ना-हरकत पत्र आणा आणि नकाशा.”

“कसला नकाशा?”

“पेन्सिली कुठे कुठे ठेवणार त्याचा. उद्या स्लॅबवर लोड आला तर?”

पाहा, खऱ्या संस्था अशा असतात. तीस वर्षं ज्या इमारतीत राहिलो तिथे माझ्यावर विश्वास नाही. आणि ज्यांनी मला जन्मात पाहिलेलं नाही, त्या मॅडम आणि मंडळी चाळीस हजार पेन्सिली माझ्या स्वाधीन करायला निघालेली! मी मनातल्या मनात कंपनीची बाजू घेऊन सोसायटीवर चिडलो.

तरी अर्ज देऊन आलो. टेम्पो निघाला. कुरियरचे 1,850 रुपये भरले. मग ड्रायव्हरचा फोन आला की गाडी कल्याण-शीळ रस्त्यावर अडकली आहे. या भामट्यांना स्थानिक भूगोलाचं ज्ञान किती असतं बघा. दुसरा कुठलाही रस्ता सांगितला असता तर मला शंका आली असती. कल्याण-शीळ रस्ता म्हटल्यावर मी चार दिवस निःशंक वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी ‘वेटिंग चार्ज’ म्हणून 900 मागितले, तेही न्याय्य वाटले. माणूस तिथे गाडीत बसून जेवणार काय? तिसऱ्या दिवशी मी त्याला ‘पाणी पीत राहा’ असा संदेश पाठवला. पाचव्या दिवशी मॅडमचा फोटो गेला, मग नाव गेलं, मग नंबर लागेना. कॉलर ट्यून तेवढी शेवटपर्यंत माझ्याशी बोलत राहिली.

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण पत्त्यांत हरलेला माणूस कधी ‘पुरे’ म्हणतो का? तो म्हणतो, ‘वाटा.’ आठवड्यातच दुसरा संदेश आला. म्हणे या धंद्यात नंबरांच्या याद्या विकल्या जातात आणि एकदा फसलेल्यांच्या यादीला भाव जास्त असतो. म्हणजे एकीकडे निवृत्तिवेतनाची फाइल अडलेली असताना दुसरीकडे बाजारात माझी किंमत वाढली होती.

हे काम पेन्सिलींपेक्षाही हलकं. फोनवर निळ्या विमानाचं चित्र असलेलं ते अ‍ॅप घ्यायचं आणि ते सांगतील त्या हॉटेलांना पाच तारे द्यायचे. तीन हॉटेलांचे दीडशे रुपये. पहिलंच हॉटेल निघालं इंडोनेशियातल्या बाली बेटावरचं. मी महाबळेश्वरच्या पलीकडे गेलेलो नाही. एकतीस वर्षं टिपणं लिहिलेल्या हाताला खोटी सही होईना. मी तीन तारे दिले आणि खाली लिहिलं : ‘जागा चित्रात बरी दिसते. गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं याचा उल्लेख नाही. नाश्त्यात पोहे असल्यास पुनर्विचार करता येईल.’

लगेच ‘टीचर’चा संदेश. (तिथे साहेबाला टीचर म्हणतात.) “सर, फक्त पाच तारे. विचार करायचा नाही.”

विचार न करता सही करण्याचा अनुभव मला होताच. दिले पाच तारे. आणि दीडशे रुपये खरोखर आले! बँकेचा मेसेज मी तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती, मार्कही मिळाले होते. पण आवळा आधी येतो, आणि तो चांगला टपोरा असतो, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

मग मला एका ग्रुपमध्ये घेतलं. बेचाळीस सभासद. सगळे एकमेकांना ‘थँक्यू’ म्हणत होते, आलेल्या रकमांचे फोटो टाकत होते, कोणी कोणाची चूक काढत नव्हतं, शुद्धलेखनावरून वाद नव्हता, सुप्रभातच्या फुलांना बंदी नव्हती. मराठी माणसांच्या कुठल्याही ग्रुपवर इतकी एकी नसते. इथेच मला संशय यायला हवा होता. पुढे कळलं की बेचाळिसांत मी एकटा मी होतो. बाकी एकेचाळीस म्हणजे एक-दोघांचे हात.

हजार भरले, तेराशे आले. त्याला ‘प्रीपेड टास्क’ म्हणतात. पाच हजार भरले, तेव्हा मात्र पडद्यावरचा आकडा वाढला आणि पैसे तिथेच थांबले. “सर, हा तिघांचा मिळून टास्क आहे. बाकी दोघांनी भरले. तुमचे 12,000 आले की तिघांचे सुटतील. तुमच्यामुळे दोघं अडकलेत.”

माझ्यामुळे दुसऱ्याचं काम अडलंय, हे मी नोकरीत असंख्य वेळा ऐकलं होतं, पण तेव्हा माझ्यावर काही परिणाम होत नसे. इथे रात्रभर झोप लागली नाही. तेवढ्यात ग्रुपमधल्या एका नागपूरच्या ताईनं आपण होऊन लिहिलं : “काका, मीपण घाबरले होते. पण भरले, आणि दुसऱ्या दिवशी सगळे आले.” आम्ही मग बराच वेळ बोललो. मी गुडघेदुखीचं सांगितलं. तिनं निर्गुडीच्या पाल्याचा शेक सुचवला. मी 12,000 भरले.

ही ताई म्हणजे तोच टीचर होता, हे नंतर समजलं. पैशांचं दुःख आहेच. पण त्या निर्गुडीनं गुडघा खरोखर उतरला, त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आता पडद्यावर माझ्या नावे 28,600 रुपये झळकत होते. काढायला गेलो तर, आधी अठरा टक्के जीएसटी भरा. म्हणजे 5,148.

“अहो, मग त्यातूनच कापून घ्या आणि उरलेले द्या.”

“सर, सिस्टीम अलाउ करत नाही.”

हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. एकतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मी लोकांना दुसरं काय सांगत होतो? ‘नियमात बसत नाही.’ त्या क्षणी ही संस्था मला अगदी सरकारी, म्हणजे खरी वाटली.

अडचण एवढीच की माझ्या खात्यात सातशे रुपये उरले होते. घरात रोख रक्कम एकाच ठिकाणी असते : भाजणीच्या डब्यामागच्या डब्यात. ही गेली बारा वर्षं दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते. पहाटे चारला उठून भाजणी भाजते, दळून आणते, उकड काढते, सोऱ्या फिरवते, आणि रात्री अकराला पाय वर करून म्हणते, “आज जरा कमी झालं.” मी लोकांना हिच्याबद्दल ‘घरी असते’ असं सांगत आलो. हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

“मला पाच हजार दे. उद्या 28,600 देतो.”

हिनं सोऱ्या खाली ठेवला. “कोण देणार?”

मी सगळं सांगितलं. म्हणजे आधी थोडं सांगितलं, मग हिनं विचारलं म्हणून आणखी थोडं, मग दिवाणाकडे बोट दाखवलं म्हणून पेन्सिलींचं सांगितलं. पूर्ण ऐकून घेतल्यावर ही एवढंच म्हणाली :

“मी त्या दळणवाल्याच्या पोराला पाकिटं पोचवायला ठेवला, तेव्हा त्यानं मला पैसे दिले होते की मी त्याला?”

“तू त्याला.”

“मग?”

या ‘मग’ला उत्तर नव्हतं. हिनं वही मागितली. मी वही ठेवली होती हे हिला न सांगताही ठाऊक. ‘जमा’, ‘नावे’ आणि ‘येणे’ असे तीन रकाने, लाल शाईनं आखलेले. हिनं ‘येणे’वर काट मारली, बेरीज केली : पेन्सिलींत 3,370, हॉटेलांत 18,000, त्यातून आलेले 1,450 वजा. “एकोणीस हजार नऊशे वीस,” ही म्हणाली. मग हिनं आपल्या मापात रूपांतर केलं. “चकली पाचशे रुपये किलो. म्हणजे चाळीस किलो चकली.”

“चाळीस किलोला ऐंशी रुपये कमी,” मी अचूकतेसाठी म्हणालो.

“बरं झालं, तेवढे वाचले. ऐंशी रुपये उसने घेऊन सात बायकांनी लिज्जत पापड काढला होता.”

हे खरं आहे. 15 मार्च 1959, गिरगावातल्या एका जुन्या इमारतीची गच्ची. हिची मावशी पुढे कितीतरी वर्षं तिथले पापड लाटत होती. सकाळी जाऊन मळलेलं पीठ घरी आणायचं, लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचं; तिथे पापड तपासायचे, वजन व्हायचं, पैसे हातात. “पीठ त्यांचं, पैसेही त्यांनीच द्यायचे,” ही म्हणाली. “मावशीनं ‘पापड सीनियर एक्झिक्युटिव्ह’ व्हायला 620 रुपये भरल्याचं मला तरी आठवत नाही.” हिला ओळखपत्र सापडलं होतं.

1930 ला फोन हिनंच लावून दिला. हा सायबर फसवणुकीचा देशभरचा क्रमांक. पैसे गेल्या गेल्या तिथे कळवलं तर ते एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारण्याआधी रोखता येतात; एकदा उड्या सुरू झाल्या की मग मागून धावायचं. मी शेवटचे पैसे भरल्यानंतरचे तीन दिवस लाजण्यात घालवले होते. पलीकडच्या मुलीनं प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, बारा आकडी क्रमांक विचारला. मी वहीतून धडाधड सांगितला.

“काका, नोंदी फार छान ठेवल्यात तुम्ही.”

मी थांबलो. या वाक्यानंतर पैसे मागतात, हे आता मला ठाऊक होतं. पण तिनं काहीच मागितलं नाही. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

4,100 रुपये एका परराज्यातल्या खात्यात गोठवलेले सापडले. ते खातं निघालं एका मजुराचं. त्याला कोणी सांगितलं होतं की तुझं बँकेचं खातं नुसतं वापरायला दे, महिन्याला पैसे मिळतील. काही करायचं नाही. घरबसल्या. हे ऐकल्यावर मला त्या अनोळखी माणसाबद्दल बंधुभाव वाटला. आम्ही एकाच शब्दानं मेलो होतो. ती रक्कम परत मिळायची आहे. अर्ज केलाय. नियमात बसतोय, असं सांगण्यात आलं.

बातमी इमारतीत पसरायला एक रात्र लागली. मला वाटलं, लोक हसतील. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून एकेक जण दूध, पेपर, पाण्याची वेळ अशा निमित्तानं येऊन दार लोटून घेऊ लागला.

“माझा एक मित्र आहे...”

प्रत्येकाचा एक मित्र होता. पहिल्या मजल्यावरच्यांच्या मित्रानं 2011 मध्ये 11,000 रुपये भरून घरबसल्या सर्वेक्षणं भरली होती. तुम्ही कोणता साबण वापरता, टीव्ही किती वेळ पाहता, वगैरे. साबण अजून तोच आहे, कंपनी नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या मैत्रिणीनं जुनं कपाट विकताना ‘पैसे घेण्यासाठी’ चौकोन स्कॅन करून पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो, हे मैत्रिणीला कपाट आणि पैसे दोन्ही गेल्यावर कळलं. आणि रात्री साडेदहाला, टॉर्च घेऊन, जिन्यातला दिवा चालू असताना, सेक्रेटरी आले.

“माझा एक मित्र आहे. इस्लामपूरकडचा.”

“तुम्हीही इस्लामपूरकडचेच ना?”

“म्हणून तर मित्र.”

मित्रानं कडकनाथ घेतल्या होत्या. झाबुआच्या या काळ्या कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुढच्या वर्षी सांगली जिल्ह्यात तिच्यावरून हाहाकार झाला. पिल्लं आमच्याकडून विकत घ्या, वाढवा, अंडी आम्हीच चढ्या भावानं घेऊ, अशी योजना. अंडी घ्यायची वेळ आली तेव्हा घेणारे गायब आणि कोंबड्या हजर. पेन्सिली निदान आल्या नाहीत. कोंबड्या येतात, आणि त्या रोज खातात. “मित्रानं शेवटी काय केलं?” मी विचारलं. सेक्रेटरी बराच वेळ टॉर्चकडे पाहत राहिले. “रस्सा,” म्हणाले. “महिनाभर.” मग दारातून वळून म्हणाले, “तुमचा तो पेन्सिलींचा अर्ज, मी फाडून टाकतो.” सोसायटीच्या इतिहासात अर्जाचा इतक्या तत्परतेनं निकाल कधी लागला नव्हता.

अशा रीतीनं मी सल्लागार झालो. सर्वात मोठी केस चौथ्या मजल्यावरच्या मुलीची. तिनं घरबसल्या डेटा एंट्रीचं काम घेतलं होतं. काम संपल्यावर कंपनी म्हणे, तुझी अचूकता 90 टक्क्यांच्या खाली आहे, कराराचा भंग झाला, दंड भर. आणि वर वकिलाची नोटीस : न्यायालयाचं चित्र, दोन शिक्के, लाल अक्षरांत ‘अटक’. घर रडत होतं. मी नोटीस वाचायला घेतली आणि तीन ओळींत माझ्यातला कारकून जागा झाला. ‘न्यायालय’ तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं, कलमाचा आकडा एकदा एक आणि एकदा दुसरा, तारीख 31 जून. मी लाल पेन काढलं, अकरा चुकांवर गोल केले, समासात शेरा मारला : ‘आपली अचूकता समाधानकारक नाही. सुधारून पुन्हा सादर करावे.’ आणि फोटो काढून त्याच नंबरवर पाठवला. शिवाय पोलिसांकडे तक्रार नोंदवली, ती वेगळी. पुन्हा सादर झालेलं नाही.

या सगळ्या काळात मी एक हिशेब मनाशी केला. सकाळी सातला ‘सुप्रभात सर’, दुपारी टास्क, संध्याकाळी एकेचाळीस माणसांच्या वतीनं थँक्यू, रात्री साडेअकराला माझ्या गुडघ्याची चौकशी. घरबसल्या पैसे मिळवण्यासाठी माझ्या ओळखीत इतके कष्ट आणखी एकच व्यक्ती घेते, आणि ती आत चकल्या पाडत आहे.

सध्या मी तिच्याकडे नोकरीला आहे. मालकीण कडक आहे. नेमणुकीच्या वेळी एक पैसाही भरावा लागला नाही, फक्त हात दाखवावे लागले; दोनदा परत धुवायला पाठवलं. काम पॅकिंगचं : दहा चकल्या मोजायच्या, पाकिटात घालायच्या, तोंड बंद करायचं. ओळखपत्र जुनंच चालवून घेतलंय, लॅमिनेट केलेलं असल्यानं तेलाचे डाग पुसता येतात. तुटलेली चकली मोजणीत धरायची नाही आणि खायचीही नाही, असा नियम आहे. बसायला मिळत नाही. आमचा ओटा उभ्या माणसाच्या मापाचा आहे.

दिवाळीच्या ऑर्डरी घेणं सुरू झालं आहे. भाजणीची चकली 500 रुपये किलो, डोंबिवली पूर्वेला घरपोच. नोंदणीच्या वेळी निम्मे पैसे आधी भरावे लागतील.